हिरवं दिसतंय अजून

वाट बघणारी चार माणसं एका बाकावर बसवली की किस्से आपोआप साठायला लागतात. त्यांना मीठ लावावं लागत नाही, तसेच टिकतात. डहाणू रोड स्टेशनच्या मागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एरवी लोक येतात, झेरॉक्स काढतात, जातात. पण बारावीनंतरचे अ‍ॅडमिशनचे राउंड सुरू झाले की बाहेरच्या बाकावरून कोणी उठतच नाही! स्क्रीनवर गोल चक्र फिरत असतं, आतून कोणी काही सांगत नाही, समुद्राकडून वारा येतो आणि सगळ्यांचे डोळे अर्धे मिटतात. इतकी छान पेंग मला घरीसुद्धा येत नाही.

यंदा बाकावर दोघं कायमचे. एक घोलवडचे चंदूकाका. त्यांचा सगळा जन्म चिकूच्या वाडीत गेला. मुलगा निलेश, त्याला अ‍ॅग्रिकल्चरला जायचं होतं. दुसरी हिराकाकू, मासळी बाजारात बसणारी. तिच्या तेजलला नर्सिंगची डिग्री करायची होती. तेजलचे वडील नाहीत, घरात मायलेकी दोघीच. म्हणून मुंबईचंच सरकारी कॉलेज हवं, रविवारी घरी येता येईल असं.

"पोर लांब गेली तर मी भांडू कोणाशी?" काकू म्हणायची. सगळा प्रश्न तेवढाच होता.

*

पहिल्या राउंडला निलेशच्या नावापुढे आलं, 'नॉट अलॉटेड'. पोराचा चेहराच उतरला. चंदूकाकांनी त्याचा हात ओढला, मनगटाच्या वर नखाने हलकंसं खरवडलं आणि चष्मा वर करून निरखून बघितलं. चिकू उतरवताना असंच करतात. साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर फळ झाडावरच ठेवायचं.

"हिरवं दिसतंय अजून," काका म्हणाले. "थांब ने थोडा. घाई केली तर नुसता चीक लागतो!"

निलेश रडता रडता हसला. हिराकाकू मात्र खवळली.

"माणसाला काय नख लावून बघतोस, चंदूभाई? पोर हाय का फळ?"

"हिराबेन, तू कल्ला उचलून बघतेस, तेव्हा मासा काय बोलतो का?"



*

झरीच्या वासंतीचा फॉर्म माझ्याकडेच भरलेला. तिच्या पाड्यावर रेंज येते ती फक्त टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली. निकालाच्या दिवशी ती फोन घेऊन वर निघाली, तर मागून अख्खा पाडा चढला! नाव निघालं वेटिंगमध्ये. वासंती तिथेच खाली बसून रडायला लागली.

तिच्या आजोबांनी विचारलं, "पण तुझं नाव तिकडे लिवलंय ना?"

"लिवलंय."

"मग आपल्या पाड्याचं नाव तरी पोचलं! तू जा मागून, सावकाश."

आणि म्हाताऱ्याने गूळ वाटला. मला हे वासंतीनेच हसत हसत सांगितलं. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मला ते नाव दिसतं. अनोळखी शहरातल्या कॉलेजच्या व्हरांड्यात एकटंच मांडी घालून बसलंय, वासंती येईपर्यंत जागा धरून.

*

एकदा सर्व्हर दुपारभर बंद पडला. बाक झोपला. मीही टेबलावर डोकं टेकलं. अचानक हिराकाकू दचकून उठली.

"भाऊ, कॉलेज आलेला!"

"कुठे?"

"बाजारात! माझ्या पाटीसमोर उभा. एवढी मोठी बिल्डिंग, खाली वाकून बघत होती. मला विचारते, 'ही पोर कशी दिली?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विकायची नाय. चार वरसं ठेवायला देते. नीट बर्फ घालून ठेव!"

सगळा बाक हसला. तेजलही हसली, पण तिने ओढणीने डोळे पुसलेले मी बघितले.

*

आता जे झालं ते फक्त हिराकाकूच्याच घरात होऊ शकतं. तेजलचा पसंतीक्रम मायलेकींनी घरीच मोबाईलवर भरला होता. मला दाखवलाच नाही. बंदरावर लिलावात काकूचा एक नियम आहे. पापलेटची पाटी हवी असली तर पापलेटकडे बघायचंसुद्धा नाही. आधी दुसऱ्याच पाटीचा भाव करायचा. मनातलं कळलं की समोरचा अडवतो!

तेजल सांगत होती, आई, इथे तसं नसतं. पण तीस वर्षांच्या बाजारापुढे पोरीचं काय चालणार? मुंबई गेली पार तळाला. आणि पहिल्या नंबरवर काकूने टाकलं विदर्भातलं एक कॉलेज. "तिकडे कोण देतंय आपल्याला!" म्हणून.

कम्प्युटरने दिलं ना! पहिल्याच राउंडला, पहिलीच पसंती. आणि पहिली पसंती मिळाली की ती घ्यायची, नाहीतर घरी बसायचं. पुढचे राउंड बंद.

काकू बाकावर टेकली. मग म्हणाली, "भाऊ, तिकडे समुद्र हाय?"

"नाही, काकू."

"मग ती लोकं बघतात कुठे?"

मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरायला लागलो.

तेजल आईच्या शेजारी बसली. "आई, मुंबई मला मिळणारच नव्हती. मार्क कमी पडले असते." मग झेरॉक्स घ्यायला आत आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, मुंबईचा कटऑफ आईला कधी सांगू नका हां."

मुंबईचा कटऑफ तिच्या मार्कांच्या बराच खाली थांबला होता.

*

तेजल निघाली त्या दुपारी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. निलेशला दुसऱ्या राउंडलाही काही मिळालं नव्हतं. तो वाडीत कलमं बांधायला लागला होता, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार म्हणत होता. बॅगा त्यानेच उचलल्या. चंदूकाकांनी कच्च्या चिकूंची पेटी आणली. "तू पोचशील तोवर पिकतील," म्हणाले. काकूने सुके बोंबील चार पिशव्यांत गुंडाळून दिले होते, तरी डब्यातली माणसं आधीच नाकाला रुमाल लावून बसली!

गाडी सुटायची वेळ झाली. काकूने खिडकीतून तेजलचा हात बाहेर ओढला, मनगटाच्या वर नखाने खरवडलं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"झाली ग तयार," म्हणाली. "जा."

गाडी गेली. प्लॅटफॉर्म रिकामा झाला. आम्ही वळलो, तर काकू तिथेच उभी. स्वतःच्या हातावर नख ओढत होती.

"चंदूभाई," तिने हात पुढे केला. "बघ ना जरा. हिरवं दिसतंय अजून."