आभाळ मोजणारी सून

आज मुलीचा चष्मा स्पिरिटने पुसताना त्या वासासरशी पनवेलच्या कॉलेजची गच्ची आठवली. तिथल्या लेसर यंत्राची भिंगं मी अशीच पुसायचे. त्या यंत्राने मी फार उंचावरचे, बर्फाच्या कणांचे विरळ ढग मोजत होते.

मला सातवा महिना होता. माझे संशोधनाचे सर म्हणाले, "आता घरी बसा. मोजणी दुसरं कुणीतरी करेल."

"सुरू मी केलंय, पुरं मीच करणार," म्हणत मी गच्चीच्या शिडीला हात घातला.

मला न्यायला गव्हाणहून आलेल्या सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि शिडी घट्ट धरली. "चढ तू. मी हाय."

तेव्हा ती लढाई माझ्या एकटीचीच वाटली होती. पोटुशी सून शिडीवर चढवली म्हणून गावात त्यांना टोमणे ऐकावे लागले, हे फार उशिरा कळलं, आणि त्यांचं उत्तरही: "आमची सून आभाळ मोजते. तुमी बसा जमिनी मोजीत!"