बाबांचा फोन येईनासा झाला

ती वेबसाइट बनवायची. तिचे वडील दुसऱ्या गावी एकटे राहायचे. दवाखान्याच्या वेबसाइटवर डॉक्टरांची वेळ घ्यायची म्हटली की त्यांचं घोडं अडायचं आणि हिला फोन यायचा.

"अगं, आता कुठं दाबू?"

ती कामात असायची, वैतागायची. पण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत गुडघेदुखीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं बोलून व्हायचं.

पुढे त्याच दवाखान्याचं काम तिच्याकडे आलं. बाबांना डोळ्यांसमोर ठेवून तिने अक्षरं मोठी केली, अकरा रकान्यांचा फॉर्म तीनवर आणला आणि ठळक बटणावर साधं लिहिलं, 'वेळ घ्या'.

त्यानंतर दोन महिने बाबांचा फोन आला नाही. शेवटी तिनेच लावला.

"बाबा, वेळ घेताना कुठं अडत नाही ना?"

"छे गं. तू इतकं सोपं केलंस, चुटकीसरशी होतं." आवाजात लेकीचं कौतुक होतं.

"मग सहज करत जा ना फोन."

"सहज काय बोलायचं? तू कामात असतेस."

पण फोन दोघांनीही ठेवला नाही.

"आज जेवायला काय केलंत?" तिने विचारलं. बाबा अगदी सविस्तर सांगू लागले, आणि हातातलं काम बाजूला सारून ती ऐकत राहिली.