पेटीतल्या साडीची घडी

माझ्या थोरल्या बहिणीला गिऱ्हाइकं घडीताई म्हणतात. तिची दहा बाय बाराची खोली आहे. त्यात एक लांब टेबल, वाफेची इस्त्री, मलमलचे तुकडे आणि निऱ्या बसवायला बिनडोक्याचा पुतळा. चाळीस वर्षं ती साड्या धुते, रफू करते, नेसवते. बोलते ती तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे निम्मं कळत नाही आणि उरलेलं टोचतं.

तिचा एकच हट्ट. साडीची घडी दर तीन महिन्यांनी मोडायची आणि वेगळ्या जागी घालायची. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं की कापड तिथेच चिरतं.

एका शनिवारी दुपारी मी तिथे बसलो असताना एक मुलगी पिशवी छातीशी धरून आली. दोन महिन्यांनी तिचं लग्न होतं.

"आईची साडी आहे. बंगाली, रेशमाची. मला तिच्यासारखीच नेसवाल?"

ताईने काठाचा एक धागा काढून पेटत्या काडीवर धरला. तो वितळून त्याचा कडक मणी झाला.

"रेशीम नाही गं बाई, रेशमासारखी आहे. घरी गार पाण्यात धुतलीस तरी चालेल."

"बाबा तर हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत!" मुलगी हसली. मग सांगू लागली. ती सहा वर्षांची असताना आई घरातून निघून गेली. एकोणीस वर्षांत ना चिठ्ठी, ना निरोप. साडी तेव्हापासून कुलूपबंद पेटीत. किल्ल्या दोन. एक बाबांच्या गळ्यात असायची, ते गेल्या वर्षी वारल्यावर तिच्याकडे आली. पेटी तिने आज पहिल्यांदा उघडली होती.

ताईने साडी टेबलावर पसरली आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या.

"ही एकोणीस वर्षं एका घडीवर नव्हती. तशी असती तर चार पांढरे चरे पडले असते. हे बघ, बोटाबोटाच्या अंतरावर बारीक रेघा आहेत. कोणीतरी हिची घडी बदलत आलंय."

"तिचे बाबा असतील," मी म्हणालो.

"बाबांना रुमालाची घडी जमायची नाही," मुलगी हळूच म्हणाली. "आणि पदराचं टोक असं आत खोचायची सवय आईची."

ताईने तिला साडी नेसवून पाहिली. समोर थोड्या रुंद निऱ्या, पदर डाव्या खांद्यावरून मागे, मग उजव्या काखेखालून फिरवून पुन्हा खांद्यावर. पदराच्या कोपऱ्याशी कापड ताणून विरविरीत झालं होतं.

"इथे किल्ल्यांचा जुडगा बांधायची आई?"

"हो. दुसरी किल्ली त्यातच होती. तो घेऊनच गेली." ती पुतळ्याकडे बघत राहिली. "ताई, ती जिवंत असेल?"

ताईने साडीची आपल्या पद्धतीने, काठ आत घेऊन घडी केली. "अशीच पेटीत ठेव. कुलूप लाव. लग्नाच्या आठवडाभर आधी उघड."

मुलीने कागदावर लग्नाची तारीख लिहिली, खाली 'ये' एवढंच, आणि तो घडीत सरकवला.

"तुम्ही दोघी म्हणजे ना," मी म्हणालो.

"तुझी बी.कॉम.ची अक्कल राहू दे बाजूला," ताई म्हणाली.

लग्नाच्या आठवडाभर आधी मुलगी पेटीच घेऊन आली. कुलूप ताईच्या समोर उघडलं. घडी बदललेली होती. काठ बाहेर, पदराचं टोक आत खोचलेलं. कागद नव्हता. पदराच्या कोपऱ्याला गाठ होती आणि बंद पेटीत ती गाठ ओली होती.

ताईने ती सोडवली. आतून दुसरी किल्ली निघाली. वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहावी तशी. दाते गंजून पार झडलेले. रस्त्यापलीकडच्या किल्लीवाल्याला दाखवली, तर त्याने ती नखाने खरवडली आणि म्हणाला, "हिने गेल्या कित्येक वर्षांत एकही कुलूप उघडलं नसणार, बाई."

खोलीत परतल्यावर मुलीने किल्ली मुठीत घेतली. टेबलावर इस्त्री वाफ सोडत होती.

"परत दिली," मुलगी म्हणाली. "म्हणजे आता येणार नाही. मी विचारायलाच नको होतं."

"न विचारता किती दिवस राहिली असतीस?" ताई म्हणाली.

मुलीने डोळे पुसले, साडीची दोन टोकं उचलून ताईसमोर धरली. "मला घडी शिकवा. आता दर तीन महिन्यांनी मलाच करावी लागेल."

ताईने समोरची टोकं धरली. पहिली घडी वाकडी झाली. ताईने ती मोडायला लावली. दुसरी सरळ बसली आणि शेवटी, कोणी न सांगता, मुलीने पदराचं टोक आत खोचलं.