साहेबांचं आपसात ठरलेलं

नांदेडच्या त्या डॉक्टरनं माझा नोकरीचा अर्ज धड वाचलाच न्हाई. लातूरच्या दवाखान्याचं नाव दिसलं अन् मोबाईल उचलला. माझ्यादेखत. स्पीकर चालू.

"डॉक्टरसाहेब, तुमची सिस्टर आलीय माझ्याकडं."

"कोणती हो?"

"चाकूरची. काळीसावळी."

"हां, आयसीयूची. द्या पाठवून परत. आपलं ठरलंय ना, एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत?"

दोघं हसले. मी समोर बसलेली, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल. चुकलेली शेळी मालकाकडं हाकलावी तसं मला म्हणाला, "जा बाई, तुमचे साहेब वाट बघतायत."

बसमध्ये डोकं भणभणत होतं. सहा वर्षं आयसीयूत काढली. व्हेंटिलेटर मी सांभाळते, नव्या पोरींना मीच शिकवते. अन् पगार? त्या पोरींपेक्षा जरासाच जास्त. आधी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. तिन्हीकडं एकच, "कळवतो." मी येडी, मला वाटायचं माझं इंग्रजी कच्चं हाय. आरशासमोर उभी राहून बोलायची सवय केली, माय! माझी मलाच लाज वाटली. मग लई राग आला. माझा पगार ह्यांनी फोनवर बांधून ठेवला होता, अन् मी स्वतःलाच कोसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी लातूरला आमच्या साहेबांनी साऱ्या सिस्टरांसमोर कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिहा. पुन्हा न विचारता कुठं जाणार नाही म्हणून. आम्ही तुम्हाला माणसात आणलं."

माणसात! मायनं लोकांच्या रानात खुरपून मला नर्सिंग शिकवलं, ती काय जनावर होती?

कागद घेतला. फोनवरचं बोलणं शब्दाला शब्द लिहिलं अन् मोठ्यानं वाचलं. निलंग्याची एक सिस्टर तेवढी हळूच म्हणाली, "अगं, मला बी नांदेडच्या दवाखान्यात 'कळवतो' म्हणूनच वाटेला लावलं होतं."

"बाहेर व्हा!" साहेब माझ्यावर ओरडले. झाले बाहेर, नोकरीतनं बी.

आता घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्यांची सेवा करतेय. काम रोज मिळतंच असं न्हाई. जिवाला घोर लागलाय, खोटं कशाला बोलू? निलंग्याची रोज फोन करते. तक्रारीवर सही करू का नको, विचारते. तिला दोन लेकरं हायत, घर तिच्याच पगारावर चालतं. मी तिला रागवत न्हाई.

कामगार ऑफिसात द्यायच्या तक्रारीवर माझी सही झालीय. सोमवारी जाणार. ती आली तर दोघी जाऊ. न्हाई आली तर मी एकटी जाईन.