बोटभर फट

राजेंद्रच्या घरात दुधावर झाकण टिकत नाही. त्याची बायको निशा ठेवते आणि भामाआत्या काढते. मांजराची चंगळ होते. म्हातारी नव्वदीला टेकली, पण ऐन थंडीतही खिडकी लावू देत नाही, न्हाणीची कडी आतून घालत नाही, आणि हर्सूलच्या त्या इमारतीत लिफ्ट असताना जिने धापा टाकत चढते. शेजारी म्हणतात, वय झालं की माणूस हट्टी होतं. शेजाऱ्यांचं काय, जिभेला हाड नसतं. ही बाई लहानपणापासून अशीच आहे, आणि का, ते तिच्या बापाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचा बाप कडुबा फुलंब्रीकडचा. निजामाच्या अखेरच्या दिवसांत तात्यासाहेब नावाचा क्रांतिकारक त्या भागात गनिमी काव्यानं लढत होता. करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाच्या जकातचौक्या, जाळायचा आणि डोंगरात पसार व्हायचा. शेवटच्या मोहिमेत त्याच्या पायाला गोळी लागली, साथीदार पांगले, आणि तो लंगडत कडुबाच्या दारात आला. कडुबानं त्याला अंगणातल्या पेवात, धान्य साठवायच्या खोल खड्ड्यात लपवलं. सकाळी निजामाचे पोलीस त्याच अंगणात ठाण मांडून बसले. आणि सगळ्या गावादेखत कडुबानंच धावत जाऊन पेवाचं तोंड उघडलं. तात्यासाहेब आत मेलेला होता. गाव म्हणालं, जखमेनं गेला असेल, पण दाखवून दिला तो यानंच.

तेव्हापासून ते फितुराचं घर. निजाम गेला, कडुबा गेला, नातू राजेंद्र शहागंजात कापडाच्या दुकानात नोकरीला लागला. तरी गावाकडच्या लग्नात तो पंगतीला बसला की कुणीतरी हळूच म्हणतंच, "सरका रे, फितुराचं आलं."

म्हणूनच तनुजा नावाची एक मुलगी तात्यासाहेबांच्या शेवटच्या मोहिमेवर माहितीपट करतेय हे कळल्यावर त्यानं स्वतःहून फोन लावला. आजोबा फितूर नव्हता, एवढं एकदा चारचौघांत म्हटलं जावं, बस्स. ते सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं. भाच्याच्या घरात राहणाऱ्या भामाआत्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. शूटिंगच्या दिवशी ती काच खाली करून निमूट गाडीत बसली.

"आत्या, एवढंच सांग, आजोबानं पोलिसाला कायबी कळवलं नव्हतं."

"आन मंग पेव का उघडलं, आसं ती पोरगी विचारंल की."

"का उघडलं मंग?"

हा प्रश्न तिनं जन्मभर चुकवला होता. माजघरात विचारला तर चुलीकडं जाता येतं, अंगणात विचारला तर गोठ्याकडं. चालत्या गाडीत कुठं जाणार?

"दादानं पेवावर दगड ठिवला, कडंनं माती लिंपली, आन बोटभर फट तशीच ठिवली," ती म्हणाली. बापाला ती दादा म्हणायची. "मला वाटलं, दादाचं काम आसंच, अर्धवट. आईनं शिकवलं व्हतं, पेवाला मुंगी शिरंल येवढीबी फट ठेवायची नाय, पाणी मुरतं, जवारी सडती. मी शेणमाती कालवली आन फट बुजवली. लई झ्याक बुजवली. आत माणूस हाय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

राजेंद्रनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"सकाळी दादाच्या कानात सांगितलं, फट मी बुजवली म्हणून. वाटलं, शाबासकी मिळंल. दादा तसाच पळाला. म्होरं पोलीस हायेत का कोण हाय, कायबी बघितलं नाय त्यानं."

नंतर कडुबानं पोरीला एवढंच बजावलं, "तू काय केलं नाय. कुणाला बोलायचं नाय." पोरीला कुणी बोट दाखवू नये म्हणून त्यानं फितुरी आपल्या नावावर घेतली. तो मेला तेव्हा गावातलं कुणी खांदा द्यायला आलं नाही, आणि तेव्हाही भामा गप्पच राहिली. बापाला शब्द दिला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर भीतीनंही. त्या भीतीनं तिला रोज थोडं थोडं खाल्लं.

राजेंद्रनं गाडी पुन्हा सुरू केली आणि गावात आणली. पेवाचं तोंड तण काढून मोकळं केलेलं होतं. तनुजानं कॅमेरा लावला, निम्मं गाव भोवती जमलं. भामाआत्या पेवाच्या काठाशी खाली बसली. तिची मान वर होईना.

"राजेंद्रभाऊ, तुमच्या आजोबांनी पोलिसांना कळवलं होतं का?" तनुजानं विचारलं.

त्यानं आत्याकडं पाहिलं. मग कॅमेऱ्याकडं पाहून म्हणाला, "व्हय. आमच्या आजोबानंच कळवलं."

"पण फोनवर तर तुम्ही म्हणाला होता..."

"फोनवर खोटं बोललो. लोक म्हणत्यात तेच खरं हाय."

गर्दीतल्या दोन-चार माना समाधानानं हलल्या. उघड्या आभाळाखाली बसलेल्या भामाआत्याला श्वास पुरेना. घरातलं आणखी एक माणूस मायेनं तिच्यावर दगड ठेवत होतं.

"ए पोरी, बंद करू नको तुझं यंत्र," ती ओरडली. "ह्यो खोटं बोलतोय."

"आत्या, राहू दे ना."

"तू गप. माझ्या बापानं येकदा झाकलं मला, तेवढं लई झालं. तू आनखी झाकू नको."

आणि तिनं सगळं सांगितलं, शेणमाती कशी कालवली इथपासून बाप कसा पळाला इथपर्यंत. मध्ये रडली, पण थांबली नाही. राजेंद्र तिच्याशेजारी मातीतच बसला होता.

"केवढी फट होती, आजी?" तनुजानं हळू आवाजात विचारलं.

म्हातारीनं बोट वर धरलं. मग ते कॅमेऱ्याकडून गावाकडं वळवलं, आणि मागच्या माणसालाही दिसेपर्यंत तसंच धरून ठेवलं.