आल्या दिवशीच्या करंज्या

लुआन शूजनबाई आमच्या इमारतीत आल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर गव्हाच्या पिठाचं पोतं होतं. शानदोंगच्या खेड्यातून दोन दिवस आगगाडीत बसून समुद्राकाठच्या श्यामेनला यायचं, आणि बरोबर काय आणायचं, तर पीठ! मी इमारतीची फाटकवाली. टपाल वाटायचं, सायकलींवर नजर ठेवायची आणि आल्यागेल्याला दोन शब्द सुनावायचे, ही माझी कामं. त्यातलं तिसरं मी बिनपगारी करते.

"पीठ कशाला ओढत आणलंत?" मी विचारलं.

"बोलण्यावरून आमच्याकडच्या वाटता," त्या म्हणाल्या.

"होते. नवरा फौजेत होता, त्याच्यामागून आले. तीस वर्षं झाली."

"मग विचारता काय? इथे तिन्ही त्रिकाळ भात खातात म्हणे."

पोतं उतरवून त्या कट्ट्यावर टेकल्या आणि शहर न्याहाळू लागल्या. वडाच्या पारंब्यांकडे बघून म्हणाल्या, "झाडांची दाढी करायलाही कुणाला सवड नाही वाटतं." समोरच्या गॅलऱ्यांतली धुणी बघून म्हणाल्या, "ही वाळणार कधी? इथली हवाच ओली." मी चहा दिला. इथली पेली अंगठ्याएवढी. एका घोटात संपवून त्यांनी ती उलटी करून पाहिली. "चव कळली. आता चहा द्या."

मला हसू आलं. एवढ्यात दोन शेजारणी इथल्या बोलीत काहीतरी बोलत, हसत गेल्या. बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांचा चेहरा उतरला आणि हात नकळत पोत्यावर गेला. मलाही पहिली दोन वर्षं असंच वाटायचं. लोक हसले की आपल्यालाच हसले.

मग सून यापिंग धापा टाकत खाली आली. तिला सातवा महिना. नवरा, म्हणजे बाईंचा मुलगा हाइबो, जहाजावर मेकॅनिक, महिनाभर समुद्रात.

"आई, मी येणार होते ना स्टेशनवर!"

"हे पोट घेऊन? वेडी का खुळी?" म्हणत बाईंनी पोतं पुन्हा पाठीवर घेतलं आणि चार मजले चढून गेल्या.

आता माझं पाप सांगते. आठवडाभर आधी यापिंगनं मला विचारलं होतं, "मावशी, तुमच्या उत्तरेकडच्या माणसांना जीव की प्राण असं काय असतं?" मी शेंगा निवडत होते. वर न बघता म्हणाले, "करंज्या. दुसरं काय?" पिठाच्या पारीत मांस आणि कोबी भरून पाण्यात उकळलेल्या करंज्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. जन्मात कणीक न मळलेली ती पोर आठवडाभर शिकत होती. फुटलेल्या करंज्यांची पेज गल्लीतल्या मांजरांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडत होते, तर शूजनबाई गाठोडं घेऊन खाली आल्या. पोतं नव्हतं.

"कुठे निघालात?"

"स्टेशनवर."

"का? सून काही बोलली?"

"बोलली नाही हो. चांगल्या घरची आहे. करंज्या वाढल्या."

माझ्या हातातला झाडू थांबला. आमच्या गावाकडे घरातून निघणाऱ्याला करंज्या खाऊ घालतात. आलेल्याला शेवया, हातानं लाटून कापलेल्या, लांब. त्या पायात गुंतून माणूस घरात राहावा म्हणून. आल्या दिवशी करंज्या वाढायच्या म्हणजे ताट वाढून दार दाखवायचं.

"आणि आग्रह तरी किती," त्या म्हणाल्या. "'अजून घ्या आई, अजून दोन घ्या.' एवढी घाई झाली होती तिला."

"जाणार कुठे?"

"घरी."

"घर ठेवलंय का?"

त्या गाठोड्याची गाठ चाचपत राहिल्या. तिशीत नवरा गेलेला, वीटभट्टीवर राबून मुलगा शिकवलेला. "पुतण्याला दिलं. लग्न आहे त्याचं. कोंबड्या शेजारणीला दिल्या." मग म्हणाल्या, "डुकरांची खोली रिकामी आहे. मुलाच्या घरी नकोशी होऊन राहण्यापेक्षा बरी."

मी झाडू टाकला. "ताई, तिला काही ठाऊक नाही. करंज्या मी सांगितल्या. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

"तुम्ही? आमच्याकडच्या असून?"

"विसरले."

हा एक शब्द बोलताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी खालूनच यापिंगला हाका मारल्या. ती अनवाणी आली. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिनं गाठोड्याकडे पाहिलं, ते उचलून छातीशी धरलं आणि तशीच वर पळाली.

"अगं, हळू! जिना आहे तो!" शूजनबाई ओरडल्या. डोळ्यांत पाणी, पण आवाज अस्सल सासूचा.

गाठोडंच गेल्यावर त्या कुठे जाणार? अर्ध्या तासानं यापिंग वाडगा घेऊन उतरली. कोपरापर्यंत पीठ. शेवया कसल्या, दोरखंड होते ते. काही बोटाएवढे जाड, काहींचे नुसते गोळे.

"आई, जरा जाड झाल्यात."

"जरा? यानं बैल बांधता येईल."

"मग तुम्हाला बांधायला पुरतील ना?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

शूजनबाईंनी कट्ट्यावर बसून एक घास घेतला. "मीठ?"

"विसरले."

"या इमारतीत सगळ्याच विसरतात," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. पण वाडगा त्यांनी तळापर्यंत संपवला, सुनेचा हात धरला आणि सावकाश जिना चढल्या.

दुपारी मला वरून बोलावणं आलं. पोतं उघडलेलं, ओट्यावर पातळ, एकसारख्या शेवयांची रास. यापिंग शेजारी बसून शिकत होती.

"तुम्ही इथे आलात, तेव्हा पहिल्या दिवशी काय खाल्लंत?" शूजनबाईंनी विचारलं.

"नवरा छावणीत होता. बंदरावर बसून एक रताळं खाल्लं. गार."

"शेवया नाहीत?"

"कोण करणार होतं?"

त्यांनी वाफाळता वाडगा माझ्यासमोर ठेवला. "म्हणजे तीस वर्षं झाली तरी तुम्ही अजून पोचलाच नाहीत. बसा. खा."

मी सगळ्यांना दोन शब्द सुनावणारी. त्या दिवशी त्यांचे ऐकले. मी बसले आणि खाल्लं.