लेओनाचे दीडशे वार

शर्टांचा कारखाना बंद पडेपर्यंत लेओना हुडॉकनं तिथं एकच काम केलं. शर्टाचा मागचा, पँटीत खोचायचा गोल घेर शिवायचा. आम्ही त्याला शेपटी म्हणतो. गोलाईवर शिलाई न भरकटू देणं सोपं नाही. करून बघा.

म्हणून तिची स्वतःची शेपटी कापली गेली ते तिला जास्त लागलं. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरात शिकाऱ्यांच्या प्रत्येक खोलीत, म्हणजे हंगामात सगळे मिळून राहतात त्या रानातल्या लाकडी घरात, ही रीत आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची शेपटी संध्याकाळी कात्रीनं कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ती तुळईला ठोकायची. सगळे हसतात. ज्याची कापली तोही हसतो. लेओना हसली नाही.

काचबिंदूनं तिचा डावा डोळा गेला होता. नेम एका डोळ्यानंही धरता येतो. पण एका डोळ्याला लांब-जवळ नीट कळत नाही. विजेच्या तारांसाठी आमच्या डोंगरावर रान तोडून मोकळा पट्टा काढलाय. त्यात उभं राहिलेलं हरीण तिला जवळ वाटलं. गोळी पोटाखालून गेली.

बर्नी तिचा दीर आणि खोलीचा कारभारी. त्यानं स्टोव्हपाशी बसून निकाल दिला.

"लेओना, पुढच्या वर्षी तू स्वयंपाकाचं बघ. खडक माझ्या जावयाला देऊ."

खडक म्हणजे पट्ट्याच्या वरच्या टोकाची बैठक. तिचा नवरा माइक तिथं बसायचा. तो गेल्यावर ती.

"जरा वर बघ, बर्नी," ती म्हणाली. "तुझ्या किती शेपट्या लटकतायत? तुला कुणी बटाटे सोलायला बसवलं?"

"माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत."

"मग दोन डोळे असून चुकलास. ते तर आणखी वाईट."

खोलीत हशा झाला. बर्नी तापला. शेवटी ठरलं, अजून एक हंगाम. पुन्हा चुकली तर खडक गेला.

"चालेल," लेओना म्हणाली. "पण मी अंतर मोजायचं लेसरचं यंत्र आणणार."

"यंत्र? माइक काय यंत्र लावून मारायचा? रानात डोळ्यानं अंदाज घेतात, बाई."

"तू आधी चष्मा काढ. मग मला डोळ्यांचं सांग. आयुष्यभर कापड वारावर मोजलं, आता हरीणही वारावर मोजीन."

उन्हाळ्यात ती यंत्र घ्यायला निघाली. गाडी माझी, म्हणून मी बरोबर. मी रेल्वेचे रूळ बसवण्यात आयुष्य घालवलं. माणूस हत्यार कसं निवडतो त्यावरून तो काम कसं करतो ते मला कळतं.

दुकानातल्या बाईनं आधी सर्वांत मोठं काढलं. "हे दोन हजार वारांपर्यंत मोजतं."

"आणि तिथून हरीण ओढून कोण आणणार? तू येशील?"

ते परत गेलं. दुसऱ्यात आकडे काळे दिसायचे. लेओना सरळ टांगलेल्या कोटांच्या रांगेत घुसली आणि आतून ओरडली, "काही दिसत नाही गं! पहाटे हेमलॉकच्या झाडांच्या काळोखात हे काय वाचू?" तिसऱ्यातले आकडे लाल, पण डोळ्यावर येणारे. चौथ्यात ते मंद करता यायचे. मग तिनं पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढले, घातले आणि प्रत्येकाचं बटण दाबून पाहिलं.

एवढ्यावर भागलं नाही. दुकानामागं जाळीचं कुंपण होतं आणि पलीकडं लांब चर्चची भिंत. तिनं जाळीतून भिंतीवर नेम धरला. एका यंत्रानं जाळीचंच अंतर सांगितलं.

"हे मला फांदीचं अंतर सांगणार, हरणाचं नाही."

मंद लाल आकड्यांच्या यंत्रात जवळचं सोडून मागचं मोजायची सोय निघाली. तिनं टोपीचा पुढा आणि यंत्र एकाच मुठीत धरलं, म्हणजे हात थरथरत नाही. चर्चच्या भिंतीवर पाच वेळा दाबलं. पाचही वेळा तोच आकडा आला. तेच घेतलं. आमचं जेवण चुकलं, पण मी कुरकुर केली नाही.

यंत्र घेतलं म्हणजे निम्मंही काम झालं नाही. रविवारी प्रार्थना झाली की ती खडकावर चढायची. बुंधा किती, बर्चचं झाड किती, तारांचा खांब किती, सगळं मोजून पाठ केलं. निशाण लावून रायफल झाडून पाहिली. रायफल माइकची, जुनी. लांबवर तिची गोळी लवकर खाली येते. तिनं ठरवलं, दीडशे वार. त्यापुढं घोड्याला बोट लावायचं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी हंगाम उघडला. माझं कंबरडं पार वर खडकापर्यंत चढण्यासारखं नाही, म्हणून मी खाली बर्नीजवळ बसलो होतो. खडक तिथून दिसतो. उजाडल्यावर हेमलॉकमधून मोठा नर पट्ट्यात आला, आम्ही आणि लेओना यांच्या मधल्या उतारावर, एका कडेला. लेओनानं टोपीला हात लावला. यंत्र डोळ्याशी गेलं. मग खाली आलं. रायफल मांडीवर तशीच.

"मारत का नाही ही?" बर्नी पुटपुटला. "गोठली बघ."

"तिची ती बघेल."

"ती बघेपर्यंत तो जाईल." त्यानं रायफल उचलली आणि झाडली.

नर दोन उड्यांत रानात. आम्ही कसेबसे चढून जागेवर गेलो. रक्त नाही, केस नाही. वाकून सगळीकडं शोधलं. जखमी जनावर सोडून कुणी परत जात नाही. नर उभा होता त्याच्या अलीकडं मातीत गोळीची चरी सापडली.

लेओना खडकावरून उतरून आली.

"किती होतं?" बर्नीनं विचारलं.

"तुझ्या बैठकीपासून मोजलं आत्ता. दोनशे ऐंशी. माझ्यापासून दोनशे दहा."

"मला सव्वाशे वाटलं."

"मलाही तेवढंच वाटलं होतं. गेल्या वर्षी."

संध्याकाळी तिनं कारखान्यातली जुनी कात्री काढली. बर्नी पाठमोरा उभा राहिला. तिनं शेपटी अशी कापली की कड कुठं हलली नाही. बर्नी तसाच भिंतीकडं बघत म्हणाला, "आता मलाही स्वयंपाकाला लावणार?"

"नको. तुझ्या हातचं कोण खाणार?"

हसणं थांबायची तिनं वाट पाहिली. मग हातोडी घेतली आणि त्याची शेपटी स्वतःच्या शेपटीशेजारी ठोकली.

"तुझी काढून टाकू का?" बर्नी नरमला होता. "गेल्या वर्षीची."

"हात लावू नकोस. चुकले ती माझी चूक, ती राहू दे. पण चुकलं म्हणून इथं कुणाची जागा जात नाही. तुझी गेली नाही, माझीही जाणार नाही. खडकाचं पुन्हा विचारायचं नाही."

कुणी विचारलं नाही.

सोमवारी आम्ही बूट चढवत होतो तेव्हा ती पुढं निघूनही गेली होती. बर्नीचा जावई स्टोव्हपाशी बटाटे सोलत बसला होता. कुणीतरी सोलायला हवेच होते.